मायामीतील इंग्रजी आणि स्पॅनिश : एका नागर भाषासंघर्षाचे स्वरूप

एकाच नगरात दोन भाषा नांदू लागल्या म्हणजे त्यांच्यात कलह उत्पन्न होतोच, असे नाही. बंदरांची आणि बाजारपेठांची नगरे प्राचीन काळापासून बहुभाषी राहिलेली आहेत आणि तेथील व्यवहार बहुधा सुरळीतपणे चालत आलेला आहे. कलह उत्पन्न होतो तो भाषांच्या सान्निध्यामुळे नव्हे. कोणती भाषा कचेरीत बोलावयाची, कोणती घरात, कोणाला दुसऱ्याची भाषा शिकावी लागावी आणि कोणाला न शिकता चालावे, याविषयीची कालपर्यंत गृहीत धरलेली व्यवस्था डळमळू लागली म्हणजे तो उत्पन्न होतो. भाषा हे अशा वेळी वादाचे निमित्तही असते आणि वादाचा विषयही असते. या दोहोंतील भेद लक्षात न घेतल्यास वादाचे निदान चुकते, आणि निदान चुकले म्हणजे उपायही भलत्याच दिशेने केले जातात.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लॉरिडा राज्याच्या आग्नेय किनाऱ्यावरील मायामी हे नगर या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. १९५९ नंतरच्या एकाच पिढीच्या काळात तेथील भाषिक रचना पालटली. ज्या काउंटीत हे नगर वसले आहे, त्या डेड काउंटीत १९६० साली स्पॅनिशभाषक वंशाच्या रहिवाशांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. ते १९७० साली सुमारे २४, १९८० साली सुमारे ३६ आणि १९९० साली सुमारे ४९ टक्क्यांवर गेले. १९९७ पासून मायामी-डेड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार २७ लाखांच्या घरात असून तीतील स्पॅनिशभाषक वंशाच्या लोकांचे प्रमाण ६८ टक्क्यांहून अधिक आहे. हे आकडे पाहिल्यावर स्पॅनिशने इंग्रजीला हुसकून लावले, असा निष्कर्ष सहज निघतो, आणि गेली पन्नास वर्षे तेथील सार्वजनिक वादात तो काढलाही जात आहे. तो निष्कर्ष भाषावैज्ञानिक पुराव्याशी कितपत जुळतो, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. पूर्वपीठिका

फ्लॉरिडात स्पॅनिश भाषा नवी नाही. १५१३ साली स्पॅनिश दर्यावर्दी त्या किनाऱ्याला लागले, १५६५ साली सेंट ऑगस्टीन ही त्यांची वसाहत स्थापन झाली, आणि तो प्रदेश संयुक्त संस्थानांच्या ताब्यात आला तो १८२१ साली. परंतु या इतिहासाचा आजच्या मायामीतील स्पॅनिशशी अखंड असा संबंध जोडता येत नाही. न्यू मेक्सिकोसारख्या प्रदेशात स्पॅनिश बोलणारे समाज राज्यसत्ता बदलल्यानंतरही त्याच भूमीवर राहिले. मायामीचे तसे नाही. २८ जुलै १८९६ रोजी नगर म्हणून त्याची रीतसर स्थापना झाली, त्या वेळी ते रेल्वेमार्गाच्या टोकाशी नुकतेच उभे राहिलेले एक लहानसे गाव होते. स्थापनेच्या बाजूने मतदान करण्यासाठी जमलेल्या ३६८ मतदारांपैकी १६२ मतदार कृष्णवर्णीय होते. बहामा बेटांतून आलेले मजूर पहिल्या वस्तीत मोठ्या संख्येने होते. म्हणजे नगराच्या पायाभरणीत श्वेतवर्णीयांइतकाच कृष्णवर्णीय श्रमिकांचा वाटा होता, आणि दोघांचीही भाषा इंग्रजी होती. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१ जानेवारी १९५९ रोजी क्यूबात क्रांती झाली आणि निर्वासितांचा ओघ सुरू झाला. प्रथम आले ते बहुतांशी डॉक्टर, वकील, व्यापारी, कारखानदार, शिक्षक अशा वर्गांतील लोक. १९६० ते १९६२ या काळात सुमारे १४ हजार मुले आईबापांवाचून विमानाने पाठविण्यात आली. १९६५ ते १९७३ या काळात चाललेल्या नियमित विमानफेऱ्यांनी अडीच लाखांहून अधिक क्यूबन अमेरिकेत आणले. या पहिल्या निर्वासितांची वृत्ती स्थलांतरितांची नव्हती. आपण दोन-चार वर्षांत मायदेशी परतणार, अशी त्यांची दृढ समजूत होती. त्यामुळे मुलांची स्पॅनिश टिकविणे हा त्यांच्या दृष्टीने परतीच्या प्रवासाच्या तयारीचा भाग होता.

१९६३ साली मायामीतील कोरल वे प्राथमिक शाळेत फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने जो द्वैभाषिक शिक्षणक्रम सुरू झाला, त्याचा उगम या परिस्थितीत आहे. तेथे क्यूबन मुले आणि इंग्रजीभाषक मुले या दोघांनाही दिवसाचा काही भाग इंग्रजीतून आणि काही भाग स्पॅनिशमधून शिकविले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षणात असा प्रयोग नवा होता. विशेष हे की, त्या वेळी त्यास फारसा विरोध झाला नाही. ज्या भाषेचे लोक पाहुणे समजले जातात, तिच्याविषयी औदार्य दाखविणे यजमानास सोपे जाते.

२. ठराव, बंदी आणि बंदीची समाप्ती

पाहुणे परतले नाहीत. त्यांनी दुकाने काढली, बांधकामाचा आणि तयार कपड्यांचा धंदा हाती घेतला, पेढ्या उघडल्या. समाजशास्त्रज्ञ अलेहांद्रो पोर्तेस यांनी या अर्थव्यवस्थेचा सविस्तर अभ्यास केला आहे. अशा वस्तीत नोकरी, खरेदी, औषधोपचार, मनोरंजन हे सर्व स्वभाषेत होऊ शकते आणि इंग्रजी न येणारा मनुष्यही पोटापाण्यावाचून राहत नाही. दक्षिण अमेरिकेशी चालणारा व्यापार मायामीकडे वळू लागला, तेव्हा स्पॅनिश ही निर्वासितांची भाषा न राहता व्यापाराची भाषा झाली. १६ एप्रिल १९७३ रोजी डेड काउंटीच्या मंडळाने ही काउंटी द्वैभाषिक व द्विसांस्कृतिक असल्याचा ठराव केला. मंडळात त्या वेळी इंग्रजीभाषकांचे प्राबल्य होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

१९८० हे वर्ष निर्णायक ठरले. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे १ लाख २५ हजार लोक नावांनी फ्लॉरिडात आले. हे निर्वासित पूर्वीच्यांपेक्षा गरीब होते आणि त्यांच्याविषयी वृत्तपत्रांतून भयसूचक मजकूर प्रसिद्ध होत होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, एका कृष्णवर्णीय नागरिकाच्या मृत्यूस कारण झाल्याचा आरोप असलेले पोलीस निर्दोष सुटल्यावर, लिबर्टी सिटी या भागात भीषण दंगल होऊन अठरा माणसे मरण पावली. अशा वातावरणात नागरिकांच्या सह्यांनी एक प्रस्ताव मतदानासाठी ठेवण्यात आला आणि ४ नोव्हेंबर १९८० रोजी सुमारे ५९ टक्के मतांनी तो संमत झाला. इंग्रजीखेरीज अन्य भाषेच्या वापरासाठी, अथवा संयुक्त संस्थानांच्या संस्कृतीखेरीज अन्य संस्कृतीच्या प्रसारासाठी, काउंटीचा पैसा खर्च करण्यास या अधिनियमाने मनाई केली. काउंटीच्या सभा, सुनावण्या आणि प्रकाशने इंग्रजीतच व्हावीत, असेही त्यात म्हटले होते.

या अधिनियमाची व्याप्ती बारकाईने पाहणे उद्बोधक आहे. खासगी व्यवहार त्याच्या कक्षेबाहेर होता. दुकाने, पेढ्या, नभोवाणी आणि चर्च यांतील स्पॅनिशला त्याने धक्का लागला नाही. मतपत्रिका स्पॅनिशमध्येही छापणे १९७५ च्या संघीय कायद्याने बंधनकारक झाले होते आणि काउंटीला ते रद्द करता येत नव्हते. राहिल्या त्या काउंटीच्या स्वतःच्या सेवा, म्हणजे पत्रके, सूचनाफलक आणि नागरिकांना द्यावयाची माहिती. ज्याला इंग्रजी येत होते त्याला या बंदीने कोणतीच अडचण नव्हती. अडचण झाली ती उतारवयात आलेल्या, नवी भाषा शिकण्याचे सामर्थ्य उरले नाही अशा लोकांची. अखेर १९८४ साली अधिनियमात दुरुस्ती करून वैद्यकीय व आणीबाणीच्या सेवा, वृद्ध व अपंग यांच्यासाठीच्या सेवा आणि पर्यटनाची प्रसिद्धी यांना अपवाद करावे लागले. परदेशी प्रवाशांना आकर्षित करण्यासाठी जी भाषा चालते ती करदात्या नागरिकासाठी चालू नये, ही विसंगती यावरून स्पष्ट दिसते.

१९८८ साली फ्लॉरिडाच्या मतदारांनी सुमारे ८४ टक्के मतांनी इंग्रजी ही राज्याची अधिकृत भाषा असल्याचे कलम राज्यघटनेत घातले. दुसरीकडे, काउंटी मंडळाच्या निवडणुकीची पद्धत न्यायालयाच्या निर्णयानंतर बदलून १३ स्वतंत्र मतदारसंघ निर्माण झाले, आणि अशा रीतीने निवडून आलेल्या नव्या मंडळाने १८ मे १९९३ रोजी १९८० चा अधिनियम एकमताने रद्द केला. पुढे १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही संयुक्त संस्थानांची अधिकृत भाषा म्हणून प्रथमच घोषित झाली. कायद्याचा लंबक असा दोन्हीकडे फिरत राहिला. परंतु १९८० ते १९९३ या तेरा वर्षांत मायामीतील स्पॅनिश कमी झाली नाही. १९८७ साली ‘एल नुएव्हो हेराल्ड’ हे स्पॅनिश दैनिक नव्या स्वरूपात निघाले, ते या बंदीच्या काळातच.

३. गाऱ्हाण्यांचे स्वरूप

या वादात ‘इंग्रजीभाषक’ आणि ‘स्पॅनिशभाषक’ असे दोन एकजिनसी पक्ष कल्पिले जातात. वस्तुस्थिती अशी नाही.

इंग्रजीभाषक श्वेतवर्णीयांचे गाऱ्हाणे मुख्यतः परकेपणाचे होते. ज्या दुकानात वर्षानुवर्षे जावे तेथे विक्रेत्याने आपली भाषा न बोलणे, याचे त्यांना दुःख होते. शेवटच्या अमेरिकनाने मायामी सोडताना राष्ट्रध्वज बरोबर आणावा, अशा आशयाच्या चिठ्ठ्या त्या काळी मोटारींवर चिकटविलेल्या असत. ज्यांना शक्य होते ते उत्तरेकडील काउंट्यांत राहावयास गेले. बहुसंख्याकांच्या भाषेला एकभाषिकतेची सवय असते. दुसऱ्याने आपली भाषा शिकावी, आपण मात्र शिकण्याचे कारण नाही, ही सोय तिच्या भाषकांना हक्कासारखी वाटू लागते. ती सोय नष्ट होताच भाषाच नष्ट होत असल्याचा भास होतो.

कृष्णवर्णीय नागरिकांचे गाऱ्हाणे वेगळे आणि अधिक वास्तव होते. हॉटेले, दुकाने, कचेऱ्या यांतील नोकऱ्यांसाठी दोन्ही भाषा येणे ही अट पडू लागली. नगराच्या स्थापनेपासून राहणाऱ्या, वर्णभेदाच्या कायद्यांतून १९६० नंतर नुकत्याच मुक्त होऊ लागलेल्या या समाजाला नोकरीचे दरवाजे उघडू लागले होते. नेमक्या त्याच वेळी दाराशी दुसरी भाषा उभी राहिली. शाळांतून त्यांच्या मुलांना स्पॅनिश चांगल्या रीतीने शिकविण्याची व्यवस्था नव्हती. म्हणजे द्वैभाषिकता ही अट होती, परंतु ती प्राप्त करून घेण्याचे साधन सर्वांना सारखे उपलब्ध नव्हते.

तिसरा समाज हैतीहून आलेल्यांचा. त्यांची भाषा हैतीची क्रियोल, म्हणजे इंग्रजीही नव्हे आणि स्पॅनिशही नव्हे. क्यूबन निर्वासितांना मिळालेला आश्रय त्यांना तितक्या सहजतेने मिळाला नाही. दोन भाषांच्या वादात तिसरीचा विचार दीर्घकाळ झाला नाही. आज मायामी-डेड काउंटीच्या मतपत्रिका इंग्रजी, स्पॅनिश आणि क्रियोल अशा तीन भाषांत निघतात, ही त्या उपेक्षेवरील उशिराची दुरुस्ती होय.

स्पॅनिशभाषकांतही एकरूपता नाही. १९८० च्या दशकात निकाराग्वातून, पुढे कोलंबिया आणि व्हेनेझुएला येथून लोक आले. क्यूबन उच्चारात अक्षरान्ती येणारा ‘स’ क्षीण होऊन ‘ह’सारखा होतो अथवा लोपतो. कोलंबियाच्या पर्वतीय प्रदेशातील उच्चारात तो स्पष्ट राहतो. क्यूबन मनुष्य बसगाडीला ‘ग्वाग्वा’ म्हणतो, इतरांस तो शब्द परका वाटतो. इंग्रजीभाषकास जी एक भाषा ऐकू येते, तिच्यात शुद्धाशुद्धतेचे आणि प्रतिष्ठेचे स्वतःचे तंटे आहेत.

४. ऐकू येणारी भाषा आणि टिकणारी भाषा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. स्पॅनिश इंग्रजीला हुसकून लावीत आहे काय?

एखाद्या भाषेचे बळ दोन प्रकारे मोजता येते. विशिष्ट क्षणी किती लोक ती बोलतात हे मोजणे, हा एक प्रकार. आईबापांकडून मुलांकडे आणि मुलांकडून नातवंडांकडे ती कितपत जाते हे पाहणे, हा दुसरा. पहिल्याला संख्या आणि दुसऱ्याला संक्रमण असे म्हणता येईल. मायामीतील सार्वजनिक वाद केवळ संख्येवर चालला आहे.

संक्रमणाचा पुरावा निराळे चित्र दाखवितो. पोर्तेस आणि रूबेन रूम्बाउट यांनी १९९२ पासून मायामी व फोर्ट लॉडरडेल आणि कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे स्थलांतरितांच्या पाच हजारांहून अधिक मुलांचा दीर्घकालीन अभ्यास केला. या मुलांपैकी फार मोठ्या बहुसंख्येचा ओढा इंग्रजीकडे असून वयाबरोबर तो वाढत जातो, असे त्यांना आढळले. क्यूबन वस्तीतील खासगी द्वैभाषिक शाळांत शिकलेली मुलेही यास अपवाद नव्हती. किंब्रो ऑलर आणि रिबेका आयलर्स यांनी मायामीतील शाळांतील द्वैभाषिक मुलांविषयीचा आपला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. मुले आपसांत कोणती भाषा बोलतात याचे निरीक्षण त्यांनी केले, तेव्हा स्पॅनिशमधूनही शिक्षण देणाऱ्या शाळांतसुद्धा इंग्रजीचाच वापर प्रचंड प्रमाणात आढळला. शिक्षकाशी अथवा आजीशी स्पॅनिश बोलणारे मूल मित्राशी इंग्रजी बोलते. पुढच्या पिढीची घरभाषा ठरविणारा निर्णय या मित्रांतील संभाषणात होत असतो.

मग रस्त्यात ऐकू येणारी स्पॅनिश कमी का होत नाही? येथे शालेय अंकगणितातील हौदाचा दृष्टांत उपयोगी पडतो. हौदाला दोन नळ आहेत, एकाने पाणी येते आणि दुसऱ्याने जाते. हौद भरलेला दिसतो यावरून गळती नाही, असे अनुमान काढता येत नाही. गळतीइतकी किंवा तीहून अधिक भर पडत आहे, एवढेच सिद्ध होते. १९६५ ते १९७३ च्या विमानफेऱ्या, १९८० चे मारिएल, त्यानंतरचे निकाराग्वन, १९९४ चे तराफ्यांवरून आलेले क्यूबन, पुढचे कोलंबियन आणि व्हेनेझुएलन अशी भर सतत पडत राहिली. मायामीतील स्पॅनिश मुख्यतः या नव्या आगमनावर उभी आहे. संक्रमणाने ती टिकत असती, तर हे आगमन थांबल्यानेही तिला फारसा धोका पोहोचला नसता.

याचा आणखी एक पुरावा व्यापारी जगातून मिळतो. १९९० च्या दशकात मायामीतील व्यापारी संस्थांच्या पाहणीत असे दिसून आले की, दोन्ही भाषांत पत्रव्यवहार आणि व्यावसायिक बोलणी करू शकणाऱ्या कर्मचाऱ्यांचा त्यांना तुटवडा भासत होता. ज्या नगरातील निम्म्या लोकांचे मूळ स्पॅनिशभाषक, तेथे ही तक्रार व्हावी हे वरवर पाहता आश्चर्यकारक आहे. परंतु घरात ऐकून शिकलेली भाषा स्वयंपाकघरापुरती आणि नात्यागोत्यापुरती राहते. लेखन, युक्तिवाद, हिशेब आणि कायदा यांची भाषा शाळेने द्यावी लागते. अशा वारसाभाषकाला आजीचे बोलणे समजते, पण तिचे पत्र वाचणे जड जाते. तिसऱ्या पिढीत बहुधा तेही उरत नाही. मग एकाच घरातील आजी आणि नातू यांच्यामध्ये दुभाषा लागतो. या भाषासंघर्षाची खरी हानी येथे होते, आणि ती कोणत्याही मतदानात मोजली जात नाही.

असे का होते, याचे सैद्धान्तिक स्पष्टीकरण जॉशुआ फिशमन यांनी १९६७ साली मांडले. दोन भाषा एका समाजात पिढ्यानुपिढ्या टिकावयाच्या तर त्यांची कार्यविभागणी झालेली असावी लागते. एका भाषेची व्यवहारक्षेत्रे दुसरीला मोकळी नसावीत. अशी विभागणी नसेल तर द्वैभाषिकता संक्रमणावस्थेतील ठरते, आणि अधिक प्रतिष्ठित भाषा हळूहळू सर्व क्षेत्रे व्यापते. मायामीतील द्वितीय पिढीच्या जीवनात असे एकही क्षेत्र नाही, जेथे इंग्रजी चालत नाही. घरातही भावंडांत ती चालते.

या संदर्भात महाराष्ट्रातील एका उदाहरणाशी तुलना उद्बोधक ठरते. सांगलीजवळच्या कुपवाड येथील भाषास्थितीवर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला निबंध भाषासंपर्काच्या अभ्यासात सुविख्यात आहे. तेथे कन्नड, उर्दू आणि मराठी या भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या. त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्याचे दुसरीत जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून रूपांतर करता येई. तथापि कोणतीही भाषा नष्ट झाली नाही, कारण प्रत्येक समाजाची घरभाषा आप्तांपुरती राखलेली होती. शिवाय गावातील दोन प्रमुख समाजांपैकी एकाची भाषा कन्नड आणि दुसऱ्याची उर्दू असल्याने, दोघांचीही नसलेली मराठी परस्परव्यवहारात तटस्थ भाषा म्हणून उपयोगी पडे. मायामीत या दोन्ही गोष्टींचा अभाव आहे. तेथे घर आणि बाजार यांत भाषिक भिंत नाही आणि तटस्थ अशी तिसरी भाषा नाही. म्हणून तेथे दोहोंपैकी कोणतीही भाषा उच्चारणे हे एका पक्षाचे निशाण उभारण्यासारखे होते.

५. संपर्काचे भाषेतील पडसाद

राजकीय क्षेत्रात संघर्ष चालू असता भाषेच्या अंतरंगात मात्र देवघेव चालते. मायामीतील स्पॅनिशमध्ये इंग्रजीचा प्रभाव अपेक्षेप्रमाणे आहे. उलट फोन करणे या अर्थी ‘यामार पारा आत्रास’, म्हणजे शब्दशः ‘मागे बोलावणे’, हा इंग्रजी ‘कॉल बॅक’चा अनुवाद अमेरिकेतील स्पॅनिशमध्ये सर्वत्र रूढ आहे.

अधिक लक्षणीय आहे तो उलट दिशेचा प्रभाव. फिलिप कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायामीतील इंग्रजीचा जो अभ्यास केला, त्यात तेथे जन्मलेल्या, इंग्रजी हीच प्रमुख भाषा असलेल्या तरुणांच्या बोलण्यातही स्पॅनिश वळणाचे प्रयोग आढळले. मोटारीतून उतरणे यासाठी इतरत्र ‘गेट आउट ऑफ द कार’ म्हणतात. मायामीत ‘गेट डाउन फ्रॉम द कार’ ऐकू येते, कारण स्पॅनिशमधील ‘बाहार्से’ या क्रियापदाचा अर्थ खाली उतरणे असा आहे. ‘मॅरी’ या क्रियापदापुढे ‘विथ’ येते, कारण स्पॅनिशमध्ये विवाह कोणाशी तरी ‘सह’ होतो. मराठी वाचकास हे प्रयोग परके वाटणार नाहीत. भारतीय इंग्रजीतही प्रवासी बसमधून ‘गेट डाउन’ करतो, कारण आपल्याकडे गाडीतून उतरावयाचे असते, बाहेर निघावयाचे नसते. दोन दूरच्या प्रदेशांत, परस्परांशी संबंध नसता, सारख्याच कारणाने सारखाच प्रयोग सिद्ध व्हावा, हे भाषासंपर्काच्या नियमबद्धतेचे उत्तम निदर्शक आहे.

असे प्रयोग मायामीतील श्रोत्यांना स्वाभाविक वाटतात, अन्य प्रदेशांतील श्रोत्यांना तितकेसे वाटत नाहीत, असेही या अभ्यासात दिसून आले. म्हणजे ही शिकाऊ लोकांची मोडकी इंग्रजी नव्हे, तर आकार घेत असलेली एक प्रादेशिक बोली आहे. स्पॅनिश सोडणारी पिढी तिचे ठसे आपल्या इंग्रजीत घेऊन जाते. या ठशांवरून बाहेरचा मनुष्य तिला परदेशी समजतो. आईबापांची भाषा गेली आणि परकेपणा मात्र राहिला, असा हा व्यवहार आहे.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. मायामीत इंग्रजीचे अस्तित्व कधीही धोक्यात नव्हते. धोक्यात आली ती तिच्या भाषकांची एकभाषिक राहण्याची सोय. उलटपक्षी स्पॅनिश रस्त्यात सर्वत्र ऐकू येत असूनही कुटुंबात पिढीगणिक क्षीण होत आहे. ऐकू येणे आणि टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे एका पक्षाला निराधार भय वाटले आणि दुसऱ्याला निराधार निश्चिंती. भयाने कायदे घडविले, पण त्यांचा भार वृद्ध आणि नवागत यांच्यावर पडला. निश्चिंतीमुळे शाळांतून स्पॅनिशचे साक्षर शिक्षण देण्याकडे दुर्लक्ष झाले.

भाषिक धोरण आखणाऱ्यांना यावरून दोन प्रश्न विचारावेसे वाटले पाहिजेत. सार्वजनिक सेवा नागरिकाला समजेल अशा भाषेत मिळते की नाही, हा पहिला. नोकरीसाठी दोन भाषांची अट घालावयाची असेल, तर त्या दोन्ही शिकण्याची संधी प्रत्येक मुलाला, त्याचे घर कोणत्याही भाषेचे असो, सार्वजनिक शाळेत मिळते की नाही, हा दुसरा. १९६३ च्या कोरल वे शाळेत दोन्ही भाषांची मुले एकमेकांच्या भाषा शिकत होती. ती व्यवस्था थोड्या शाळांपुरती राहिली. ती लिबर्टी सिटीतील मुलांपर्यंत पोहोचली असती, तर नोकरीच्या दाराशी उभी राहिलेली भाषा त्यांना अडसर न वाटता किल्ली वाटण्याचा संभव होता.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकासही येथे एक सूचना आहे. जनगणनेतील भाषकसंख्या हे केवळ एका क्षणाचे चित्र असते. एखाद्या नगरातील भाषेचे भवितव्य वर्तवावयाचे असल्यास शाळेच्या मधल्या सुटीत मुले आपसांत कोणती भाषा बोलतात, भावंडे एकमेकांना कोणत्या भाषेत हाक मारतात आणि नातू आजीला कोणत्या भाषेत उत्तर देतो, याच्या नोंदी घेणे अधिक विश्वसनीय ठरते.